सुरकुतीची बखर

नरकचतुर्दशीची पहाट होती. नांदेडला त्या सुमारास हवेत नुकता कुठे गारवा उतरू लागलेला असतो. बंबाचा धूर अंगणात रेंगाळत होता. न्हाणीच्या दाराशी पाट मांडलेला, एका वाटीत कोमट तेल, दुसरीत दुधात कालवलेले उटणे. लहानपणी याच पाटावर बसवून माय मला रगडून काढीत असे. आता पाटावर ती बसते आणि तिच्या हातांना तेल मी लावतो. पंचाहत्तरी तिने केव्हाच ओलांडली आहे. तिच्या उजव्या मनगटावर लग्नाआधी गोंदवून घेतलेले तुळशीवृंदावन आहे. माझ्या आठवणीत ते ताठ उभे होते. आता कातडे सैल पडल्यामुळे ते एका अंगाला कलले आहे.

तेल जिरवता जिरवता तिने विचारले, "लावतोस खरा मास्तर, पण ह्यानं हे कातडं पुन्हा ताठ होतंय का?"

मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न काही जाईना. शाळा सुटीवर, हाताशी पुस्तके. तेव्हा मनात आले की, हा प्रश्न आपल्या या गोदेच्या आणि मांजरेच्या मुलखात किती जुना आहे आणि त्याला कोणी कोणी काय उत्तर दिले आहे, हे तरी एकदा पाहावे. राजांच्या बखरी पुष्कळ झाल्या. सुरकुतीची बखर कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.

या प्रश्नाचे पहिले लेखी उत्तर आपल्या दिवाळीच्या वाटीतच आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दिनचर्या सांगितली आहे. रोज अभ्यंग करावा, तो जरा, श्रम आणि वात यांना दूर ठेवतो, त्याने झोप चांगली लागते, त्वचा चांगली राहते, आणि डोके, कान व पाय यांना तर तेल विशेषकरून लावावे, असा त्याचा अभिप्राय. पुढे उटण्याचा, म्हणजे उद्वर्तनाचा, विषय येतो. कोरडे चूर्ण अंगावर चोळल्याने कफ कमी होतो, मेद विरघळतो, अवयव घट्ट होतात आणि त्वचा नितळ होते, असे तो म्हणतो. आजच्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत जी तीन वचने मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, म्हणजे चरबी वितळेल, सैल अंग आवळेल, कांती उजळेल, ती तिन्ही वाग्भटाने एका श्लोकात बसविली होती.

आणि या ग्रंथाचा मराठवाड्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिणारा हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राज्याची दप्तरे सांभाळणारा हा पुरुष तेल-उटण्याचाही विचार करीत होता. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीकांसह तो ग्रंथ छापला, तेव्हा देवगिरीचे ते लिखाण वैद्यांच्या घराघरांत पोहोचले.

इथे एक गंमत आहे. देवगिरीचे राजे आपला वंश यदूपासून सांगत. आणि यदू कोण? ययातीचा थोरला मुलगा. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण आले, आणि 'तुझे तारुण्य मला दे' म्हणून तो एकेका मुलाकडे गेला, तेव्हा पहिला नकार यदूने दिला. म्हातारपणाची कुरूपता आणि दुबळेपण मी घेणार नाही, असे त्याने बापाला तोंडावर सांगितले. १९५९ साली वि. स. खांडेकरांनी याच कथेवर कादंबरी लिहिली आणि ती मराठी घराघरांत गेली. ती वाचणाऱ्याच्या मनात ययातीची हाव आणि पुरूचा त्याग राहतो. मला मात्र यदूविषयीच जास्त आपलेपणा वाटतो. सुरकुती नको म्हणणारा तो पहिला प्रांजळ माणूस. आणि त्याच्याच वंशाच्या दरबारात सुरकुतीवरच्या उपायांची टीका लिहिली गेली!

तथापि आपल्या वैद्यांना जाहिरातवाल्यांच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने व्याधींचे प्रकार सांगताना जरेला स्वभावज गटात टाकले आहे. तिच्या शेजारी भूक, तहान, झोप आणि मृत्यू. म्हणजे भूक लागणे हा जितका रोग, तितकेच म्हातारे होणे हा रोग. पण त्याच ठिकाणी तो एक भेद करतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. हे विकार दोन तऱ्हांचे: कालज आणि अकालज. शरीराची राखण करूनही जे यायचे ते वेळेवर येते, ते कालज; राखण न केल्यामुळे वेळेआधी येते, ते अकालज. या भेदाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

राखण कोणाला परवडत होती, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. निलंग्याहून फार लांब नाही अशा कल्याणीला चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. शंभर अध्यायांत राजाने जाणावे आणि भोगावे ते सारे. त्यात स्नान हा एक स्वतंत्र उपभोग आहे, विलेपन हा दुसरा. फुलांनी वासवलेले तेल, अंग मर्दन करणारे कसलेले लोक, उटणी, सुगंधी पाणी, असा तो थाट आहे. त्याच शतकांत आपल्याकडे निलंग्याचे नीळकंठेश्वराचे देऊळ आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे उभी राहिली. त्यांच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहा. आठ-नऊशे वर्षांचे ऊन-पाऊस खाऊनही त्यांच्या अंगावर वळी म्हणून नाही. दगडाला म्हातारपण येते ते झिजेने. सुरकुती त्याला पडत नाही.

पण मूर्तिकाराला सुरकुती ठाऊक नव्हती असे समजू नका. वेरूळला जा. लट्टलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे, अधिपती म्हणून मिरविणारे राष्ट्रकूट पुढे जिथे कैलास कोरविते झाले, तिथेच सप्तमातृकांच्या पटांशेजारी काळ आणि काली यांच्या हाडांच्या सापळ्यासारख्या आकृती आहेत. चामुंडेची मूर्ती तर सर्वत्रच अशी घडवतात: खोल गेलेले पोट, वर आलेल्या शिरा, लोंबलेले स्तन. तीही देवीच. हात जोडताना कोणी तिची सुरसुंदरीशी तुलना करीत नाही.

इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली. त्यांचे घराणे आपेगावचे, म्हणजे आपल्याच गोदाकाठचे. तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहण्याचा प्रसंग येतो, तेव्हा ते एखाद्या शेतकऱ्याच्या घरातून उपमा उचलतात. आज भरात आलेले हे तारुण्य उद्या वाळलेल्या काचरीसारखे होईल. कमळाच्या पाकळीशी स्पर्धा करणारे डोळे पिकल्या पडवळासारखे होतील. काचऱ्या म्हणजे चकत्या करून उन्हात वाळविलेली भाजी. वयाच्या एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्या, म्हणजे म्हातारपण मुळीच न पाहिलेल्या त्या तरुणाने सुरकुतीचे कारणही नकळत सांगून टाकले आहे. काचरी वाळते ती उन्हात.

राजाचे मर्दनिये आणि संतांचे वैराग्य यांच्यामध्ये सामान्य बाईचे जग होते. तिच्याजवळ करडईचे किंवा तिळाचे तेल, डाळीचे पीठ, हळद आणि दुधावरची साय. तिच्या आयुष्यात चाळीस दिवस मात्र असे येत की, तिचे अंग दुसरे कोणी चोळून देई. ते बाळंतपणाचे. सुईण येई, तेल लावी, शेगडीवर शेक देई आणि सैल पडलेल्या पोटाभोवती जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळी. पोट पुन्हा जागेवर बसावे, हा हेतू. आज आपल्याला माहीत आहे की, गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपला आपणच पूर्वीच्या आकारावर येतो. पट्टीने कंबरेला आधार मिळतो, पण ताणाने फाटलेले त्वचेतले धागे ती सांधू शकत नाही. पोटावरचे पांढरे वण तसेच राहतात. तरीसुद्धा मला ती चाल निरर्थक म्हणवत नाही. एरवी पहाटेपासून राबणाऱ्या बाईला कोणी तरी निजवून तेल लावते आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

यानंतर बखरीत बाटल्या आणि डब्या येतात. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेला थंड लेप दुसऱ्या शतकातील गॅलन या वैद्याच्या नावावर सांगतात. आजचे कोल्ड क्रीम ही त्याचीच संतती. आपल्याकडे मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' बाजारात आणला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मोकळा झाला. स्वतंत्र देशाचे परकीय चलन परदेशी प्रसाधनांवर जाऊ नये म्हणून १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' काढली. येथवर ठीक होते. डबी चेहऱ्याला मऊपणा देई, वास देई. ती बाईला रोगी ठरवीत नव्हती.

रोगी ठरविण्याचे काम एका शब्दाने केले. फ्रेंच भाषेत 'सेल्युलाइट' हा शब्द १८७३ च्या एका वैद्यक कोशात आला. तेव्हा त्याचा अर्थ होता ऊतीची सूज. पुढे १९३३ साली 'वोत्र बोते' या स्त्रियांच्या मासिकाने तोच शब्द मांड्यांवरच्या खळग्या-खळग्यांच्या त्वचेला लावला. १९६८ मध्ये 'व्होग' मासिकातून तो अमेरिकेत गेला आणि मग जगभर. त्याआधी त्या खळग्यांना कोणी नाव दिले नव्हते. आपल्या मराठीत अजूनही नाव नाही. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या किती पिढ्या ते अंगावर वागवून गेल्या. त्यांना काही झाले आहे, असे त्यांना कोणी सांगितले नाही.

१९७८ साली न्युर्नबर्गर आणि म्युलर या दोघा जर्मन डॉक्टरांनी त्वचेचे छेद घेऊन पाहिले, आणि ही एक शोधून काढलेली व्याधी आहे, असा निर्वाळा दिला. त्यांना काय दिसले, ते पिंजाऱ्याची गादी आठवली की लगेच कळते. गादीत कापूस भरून मधूनमधून टाके घालतात. टाक्याच्या जागी खळगा पडतो, मधला कापूस फुगून येतो. स्त्रीच्या त्वचेखाली चरबीचे कप्पे असतात आणि त्यांना खाली बांधणारे धागे उभे असतात. पुरुषात तेच धागे तिरपे, जाळीसारखे असतात. म्हणून पुरुषाची गादी सपाट, स्त्रीची टाक्याटाक्यांची. वयात आलेल्या दर दहा स्त्रियांतील आठ-नऊ जणींच्या अंगावर ते कमी-अधिक दिसते, सडपातळ बाईच्याही. दहातल्या नऊजणींना जे असते, त्याला रोग म्हणावे कसे?

मग उटण्याने मेद विरघळतो ही वाग्भटाची गोष्ट? चोळण्याने रक्त त्वचेकडे धावते, साचलेले पाणी थोडे हलते, मळ आणि मेलेला थर निघतो. घटका-दोन घटका अंग खरोखर नितळ व घट्ट वाटते. टाके मात्र तसेच असतात. ते तोडण्याचे प्रयत्नही झाले. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत ते धागे विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला परवानगी मिळाली. अंगावर काळेनिळे डाग उठतात, ते लवकर जात नाहीत, म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ते बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुईने किंवा बारीक पात्याने धागे मोकळे करण्याची रीत आहे. तिने काहींना गुण येतो, पण ती खर्चाची. मलमांनी टाके तुटत नाहीत.

शस्त्राची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कातडे एका जागेवरून दुसऱ्या जागी बसविण्याची एक रीत युरोपला आपल्या पुण्याहून कळली. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलवाल्याचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने कपाळाचे कातडे वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ते चित्रासह छापले. कावसजीचे नाव इतिहासात राहिले, कारागिराचे राहिले नाही. त्या विद्येवर पुढे पुष्कळ मजले चढले आणि १९०१ साली बर्लिनमध्ये होलेंडर नावाच्या शल्यवैद्याने चेहऱ्याचे सैल कातडे ताणून शिवले. आजही फार वजन उतरल्यावर जे कातडे झोळीसारखे लोंबते, त्याला शस्त्रावाचून दुसरा खरा उपाय नाही.

आता कालज-अकालजाकडे वळू. त्वचेला ताठपणा देणारे दोन धागे आहेत; कोलॅजन भार पेलतो, इलॅस्टिन ताणून पुन्हा जागेवर येतो. वयाबरोबर दोन्ही कमी होतात, ते कालज. परंतु उन्हातील अतिनील किरण ते वेळेआधी तोडतात, आणि चेहऱ्यावर व हातांवर आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, त्यातला फार मोठा भाग या उन्हाचा असतो. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावी ९०३ माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. २०१३ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. रोज नेमाने ऊन अडविणारे मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे म्हातारपण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरले. झालेले नुकसान थोडे भरून काढणारे औषधही आहे: 'अ' जीवनसत्त्वापासून केलेले ट्रेटिनॉइन. डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली त्याचा उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा गुण प्रसिद्ध केला. ते महिनोन्‌महिने लावावे लागते, आग होते, गर्भारपणी चालत नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच लावू नये. पण त्याचाही एक डाग आहे. त्याच क्लिगमन यांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या पाठींवर प्रयोग केले. त्यांत बहुतेक काळे होते. सोमेश्वराच्या काळी राजाच्या कातडीसाठी दुसऱ्याचे हात राबत होते; इथे दुसऱ्याची कातडीच राबली.

आपल्याकडेही असे घडते, फक्त त्याची बखर होत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न ठरले तेव्हा दुकानातून कोणी तरी सुचविलेली मलमाची नळी आणून लावू लागली. महिनाभर चेहरा खरेच उजळला. वर्षभराने भेटली तेव्हा गालांचे कातडे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ झाले होते, आतल्या रक्तवाहिन्या दिसत होत्या, आणि चुलीपुढे बसले की आग होई. नळीत स्टिरॉइड होते. त्याने त्वचा विरते, वण उठतात. म्हणजे तिशीच्या आत ते म्हातारपण आणते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ साली झाला. नियम कागदावर आहे, नळी दुकानात आहे.

हे सारे वाचून झाल्यावर, पाडव्याच्या सकाळी, मी पुन्हा मायच्या हातांना तेल लावावयास बसलो. चोळीची बाही थोडी वर सारली आणि थबकलो. ज्या दंडावर साठ वर्षे बाही होती, तिथली त्वचा सैल आहे, पातळ आहे. पण नितळ आहे, तिच्यावर रेघ नाही. बाही संपते त्या रेषेपासून खाली मात्र वैशाखातल्या काळ्या रानासारख्या भेगाच भेगा. एकाच हातावर कालज आणि अकालज शेजारी शेजारी मांडून ठेवलेले. वरचा भाग वयाने केला. खालचा चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या रानात वेचलेल्या कापसाने, बेचाळीस अंशांच्या उन्हाने, आणि माझ्या शाळेच्या फीने. सुश्रुत म्हणतो, राखण केली नाही म्हणून येते ते अकालज. राखण कोणी करावयाची होती, हा प्रश्न मला तिच्या हाताकडे पाहताना पहिल्यांदा पडला. ऊन टाळावे, हे सांगणे सोपे आहे. ज्यांची मजुरीच उन्हात मोजली जाते, त्यांना निदान लांब बाहीचा सदरा, डोक्याला पदर आणि दुपारची दोन तासांची सावली मिळावी, एवढे तरी व्हावे. सुरकुतीवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे, आणि तो कोणत्याही डबीत मिळत नाही.

"माय," मी म्हणालो, "परवा तू विचारलं होतंस ना? कातडं ताठ होत नाही गं. मऊ राहतं, खाज थांबते, झोप लागते. एवढंच."

तिने हात पुढे केला, कललेले तुळशीवृंदावन माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, "एवढं काय थोडं झालं? लाव मग."